विल्यम कॅरी

विल्यम कॅरी (१७ ऑगस्ट १७६१ – ९ जून १८३४) हे इंग्लंडमधील बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक, भाषांतरकार, व्याकरणकार, कोशकार आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते. व्यवसायाने जोडे शिवणारे कॅरी १७९३ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी कुटुंबासह बंगालमध्ये आले. त्यानंतर ४१ वर्षांच्या आयुष्यात ते एकदाही मायदेशी परतले नाहीत. कलकत्त्याजवळील सेरामपूर येथे त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने छापखाना, शाळा व महाविद्यालय उभारले. बंगाली गद्याच्या जडणघडणीत त्यांचा मोठा वाटा आहे. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मराठी–इंग्रजी शब्दकोश (१८१०) या ग्रंथांमुळे मराठी मुद्रणाच्या व भाषाभ्यासाच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे.

जन्म व बालपण

कॅरी यांचा जन्म इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड कॅरी विणकर होते. पुढे ते गावातील चर्चचे कारकून व शाळामास्तर झाले. पाच भावंडांत विल्यम थोरले होते. रानफुले, किडे आणि पक्षी गोळा करून त्यांचे निरीक्षण करण्याचा छंद त्यांना लहानपणीच जडला व तो अखेरपर्यंत टिकला.

त्वचेच्या विकारामुळे त्यांना उन्हात काम करणे सोसत नसे. त्यामुळे चौदाव्या वर्षी त्यांना पिडिंग्टन येथे जोडे शिवण्याचे काम शिकण्यासाठी उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. तेथे जॉन वॉर हा त्यांचा सोबती प्रस्थापित चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचा होता. त्याच्या सहवासात कॅरी यांचे धर्मविषयक विचार बदलले. १७८३ मध्ये नॉर्दम्प्टन येथे नेन नदीत जॉन रायलंड यांच्या हस्ते त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ते बॅप्टिस्ट पंथात आले.

जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच व फ्रेंच या भाषा बहुतांशी स्वतःच्या बळावर आत्मसात केल्या. १७८१ मध्ये त्यांचा विवाह डॉरोथी प्लॅकेट यांच्याशी झाला. डॉरोथी वयाने त्यांच्याहून मोठ्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने विवाहाच्या नोंदवहीत त्यांनी सहीऐवजी खूण केली होती. या दांपत्याच्या दोन मुली लहानपणीच वारल्या.

धर्मप्रसाराचा विचार

१७८५ मध्ये कॅरी मोल्टन या गावी शाळामास्तर झाले आणि तेथील छोट्या बॅप्टिस्ट मंडळीचे पाळकपदही त्यांच्याकडे आले. दोन्ही कामांचे उत्पन्न मिळूनही घर चालत नसल्याने जोडे शिवणे सुरूच राहिले. याच काळात कॅप्टन जेम्स कुक यांच्या सागरी प्रवासांची वर्णने त्यांच्या वाचनात आली. त्यांनी जगाचा एक मोठा नकाशा हाताने तयार करून भिंतीवर लावला आणि देशोदेशींची लोकसंख्या, धर्म व चालीरीती यांच्या नोंदी त्यावर केल्या. १७८९ मध्ये ते लेस्टर येथील हार्वे लेन मंडळीचे पाळक झाले.

परदेशी जाऊन धर्मप्रसार करणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्या काळी इंग्लंडमधील बहुतेक प्रोटेस्टंट मंडळींना वाटत नसे. ईश्वराला ज्यांचे परिवर्तन घडवायचे असेल त्यांचे ते घडवील, माणसाने त्यात हात घालू नये, असा कॅरी यांच्याच पंथातील अनेकांचा समज होता. त्याला उत्तर म्हणून कॅरी यांनी १७९२ मध्ये ८७ पृष्ठांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यात धर्मशास्त्रीय युक्तिवादाबरोबर जगातील देशांचे क्षेत्रफळ, लोकसंख्या व धर्म यांचे तक्ते दिले होते. अंतर, भाषा आणि उपजीविका या अडचणींवर व्यापारी लोक मात करतात, तर धर्मोपदेशकांना ते अशक्य का असावे, असा तिचा रोख होता.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका घरी जमलेल्या मोजक्या मंडळींनी बॅप्टिस्ट धर्मप्रसारक संस्थेची स्थापना केली. पहिल्या वर्गणीत १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स इतक्या रकमेचे आश्वासन मिळाले. अँड्र्यू फुलर संस्थेचे चिटणीस झाले. बंगालमध्ये राहून आलेले डॉक्टर जॉन थॉमस यांची पहिले धर्मप्रसारक म्हणून निवड झाली आणि त्यांच्यासोबत जाण्याची तयारी स्वतः कॅरी यांनी दाखवली.

मायदेशाचा त्याग

कॅरी यांचा निर्णय घरात कोणालाच रुचला नाही. त्यांच्या वडिलांना तो वेडेपणा वाटला. डॉरोथी त्या वेळी गरोदर होत्या आणि त्यांच्या पदरी तीन लहान मुले होती. आपल्या गावाचा परिसर सोडून त्या कधी दूर गेल्या नव्हत्या. त्यांनी जाण्यास स्पष्ट नकार दिला. तरीही कॅरी यांनी बेत बदलला नाही. आठ वर्षांच्या थोरल्या मुलाला, फेलिक्सला, सोबत घेऊन ते १७९३ च्या वसंतात जहाजावर चढले.

हा प्रवास मात्र इंग्लंडच्या किनाऱ्यावरच खंडित झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता आणि थॉमस यांच्यामागे सावकारांचा ससेमिरा होता. त्यामुळे त्यांना जहाजावरून उतरवण्यात आले. या विलंबात कॅरी व थॉमस पुन्हा डॉरोथी यांना भेटले. त्यांची प्रसूती होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. कॅरी यांच्या विनवण्यांना त्यांनी आधी दाद दिली नाही. थॉमस यांनी पुन्हा गळ घातल्यावर, धाकटी बहीण कॅथरिन सोबत येणार असेल तर आपण येऊ, असे त्यांनी कबूल केले. घाईघाईने घर मोडण्यात आले. १३ जून १७९३ रोजी सर्वजण डोव्हर येथून एका डॅनिश जहाजाने निघाले आणि ११ नोव्हेंबर १७९३ रोजी कलकत्त्यास पोहोचले.

बंगालमधील पहिली वर्षे

व्यापारास अडथळा येईल व लोकांत असंतोष पसरेल या भीतीने ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मप्रसारकांना विरोध होता. परवान्यावाचून आलेल्या कॅरी यांना उघडपणे काम करणे शक्य नव्हते. सोबत आणलेला पैसा लवकरच संपला. कलकत्त्याजवळ मिळेल त्या आसऱ्याने काही दिवस काढल्यावर कुटुंब सुंदरबनाच्या भागात गेले. डॉरोथी व मुले आजारी होती.

१७९४ मध्ये कंपनीचे अधिकारी जॉर्ज उडनी यांनी कॅरी यांना मालदा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक नेमले. पगार सुरू होताच आता आपल्याला संस्थेच्या मदतीची गरज नाही, असे त्यांनी इंग्लंडला कळवले. त्याऐवजी त्यांनी बी-बियाणे व शेतीची अवजारे मागवली. निळीचा हंगाम वर्षातील थोडे महिने चाले. उरलेल्या काळात ते बंगाली व संस्कृत शिकत, खेडोपाडी फिरून उपदेश करीत आणि नव्या कराराचे बंगाली भाषांतर करीत. रामराम बसू हे त्यांचे मुन्शी होते.

त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर अतिसाराने दगावला. कॅरी स्वतः तापाने अंथरुणाला खिळले होते आणि जातीच्या बंधनांमुळे थडगे खणण्यास वा शव उचलण्यास माणसे मिळेनात. या आघातातून डॉरोथी सावरल्या नाहीत. १७९५ पासून त्यांना संशयविकाराने ग्रासले. पती व्यभिचारी असल्याचा भ्रम त्यांना होऊ लागला. त्या त्याच्यावर जाहीरपणे आरोप करीत आणि क्वचित अंगावर धावून जात. पुढे त्यांना खोलीत बंद ठेवण्याची वेळ आली. सुमारे बारा वर्षे याच अवस्थेत काढून ८ डिसेंबर १८०७ रोजी त्यांचे निधन झाले. बंगालमध्ये आल्यापासून पहिल्या सात वर्षांत कॅरी यांच्या उपदेशाने एकाही बंगाली माणसाने बाप्तिस्मा घेतला नाही.

सेरामपूर येथील कार्य

१७९९ मध्ये जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना, विल्यम वॉर्ड व इतर धर्मप्रसारक इंग्लंडहून आले. कंपनीच्या हद्दीत राहण्यास मनाई असल्याने ते हुगळी नदीच्या पश्चिम काठावरील सेरामपूर येथे उतरले. (बंगालीत श्रीरामपूर म्हटले जाणारे हे गाव महाराष्ट्रातील श्रीरामपूरहून भिन्न आहे.) सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते व तेथील डॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांना संरक्षण दिले. १० जानेवारी १८०० रोजी कॅरी कुटुंबासह तेथे राहण्यास आले. मार्शमन हे शिक्षक, तर वॉर्ड हे मुद्रक होते. कॅरी, मार्शमन व वॉर्ड हे तिघे पुढे सेरामपूरचे त्रिकूट म्हणून ओळखले जाऊ लागले.

सर्वांनी एकत्र जेवावे, प्रत्येकाची मिळकत सामाईक निधीत जमा व्हावी आणि खासगी व्यापार कोणी करू नये, असे नियम त्यांनी घालून घेतले. मार्शमन दांपत्याच्या निवासी शाळांचे उत्पन्न, छापखान्याचा नफा आणि पुढे कॅरी यांचा पगार यांवर संस्थेचा खर्च चाले.

२८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा हुगळी नदीत बाप्तिस्मा झाला. त्याचा निखळलेला खांदा थॉमस यांनी बसवला होता आणि तेव्हापासून तो धर्मप्रसारकांच्या संपर्कात होता. त्याच दिवशी कॅरी यांचे थोरले चिरंजीव फेलिक्स यांचाही बाप्तिस्मा झाला. ज्या क्षणाची अनेक वर्षे वाट पाहिली, तो आल्यावर थॉमस यांच्या मनाचा तोल ढळला. विधीच्या वेळी ते आणि डॉरोथी दोघेही वेगवेगळ्या जागी बंदिस्त होते.

छापखाना व भाषांतरे

सेरामपूरच्या छापखान्यात देशी लिपींचे खिळे पाडण्याचे काम पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर या कसबी कारागिरांनी केले. बंगाली नवा करार १८०१ मध्ये छापून झाला. पुढील तीन दशकांत बंगाली, उडिया, संस्कृत, हिंदी, मराठी व आसामी या भाषांत संपूर्ण बायबल आणि इतर अनेक भाषांत त्याचे भाग येथून प्रसिद्ध झाले.

हे काम एकट्या कॅरी यांचे नव्हते. प्रत्येक भाषेसाठी त्या भाषेचे जाणकार पंडित नेमलेले असत. ते मसुदे तयार करीत व कॅरी ते मूळ हिब्रू-ग्रीकशी ताडून पाहत. कामाचा वेग मोठा होता, पण कित्येक भाषांशी कॅरी यांचा प्रत्यक्ष व्यवहार नव्हता. त्यामुळे काही भाषांतरे बोजड व लोकांना अपरिचित वाटणारी झाली आणि पुढच्या पिढीच्या धर्मप्रसारकांना ती नव्याने करावी लागली.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. कागदाचा साठा, अनेक लिपींचे खिळे आणि हस्तलिखिते जळून गेली. त्यांत भारतीय भाषांच्या तौलनिक कोशाची अनेक वर्षे जमवलेली सामग्री व काही व्याकरणांच्या प्रती होत्या. मुद्रणयंत्रे वाचली आणि राखेतून खिळ्यांचे पोलादी ठसे हाती लागले. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. इंग्लंड-स्कॉटलंडमधून नुकसानीची रक्कम अल्पावधीत जमली. जळालेली हस्तलिखिते मात्र पुन्हा लिहावी लागली.

फोर्ट विल्यम कॉलेज व मराठी

कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन केले. १८०१ मध्ये कॅरी तेथे बंगालीचे शिक्षक झाले. पुढे संस्कृत व मराठीचे अध्यापनही त्यांच्याकडे आले. ज्या कंपनीने त्यांना देशात राहण्याचा परवाना दिला नव्हता, तिच्याच कॉलेजात त्यांनी सुमारे तीस वर्षे नोकरी केली. पगारातील अल्प भाग घरखर्चासाठी ठेवून बाकीचा ते सामाईक निधीत जमा करीत.

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धाच्या काळात (१८०३–१८०५) मराठी जाणणाऱ्या अधिकाऱ्यांची कंपनीला निकड भासू लागली होती. मराठीत शिकवण्याजोगी छापील पुस्तके उपलब्ध नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅरी यांनी कॉलेजातील मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मराठी भाषेचे इंग्रजीतून लिहिलेले व्याकरण प्रसिद्ध केले. मराठी व्यवहारात मोडी लिपी प्रचलित होती, परंतु तिचे खिळे तयार नसल्याने या पुस्तकात देवनागरी वापरण्यात आली. पुढे सेरामपूर येथे मोडीचे खिळे पाडण्यात आले आणि १८१० च्या मराठी–इंग्रजी कोशात मराठी शब्द मोडीत छापले गेले.

मत्तयकृत शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये निघाला. याशिवाय वैजनाथ पंडितांनी भाषांतरित केलेली सिंहासन बत्तिशी, हितोपदेश व राजा प्रतापादित्याचे चरित्र ही पुस्तके १८१४ ते १८१६ या काळात छापली गेली. प्रतापादित्याचे चरित्र मूळ बंगालीत रामराम बसू यांनी लिहिले होते.

या मराठीवर बंगालमधील वातावरणाची छाप होती आणि महाराष्ट्रातील वाचकांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने मराठी नव्या कराराचे स्वतंत्र भाषांतर करून ते १८२६ मध्ये प्रसिद्ध केले. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये निघाल्यावर कॅरी यांचा कोश मागे पडला. तरीही छापील मराठी गद्याचा, व्याकरणाचा व कोशाचा आरंभीचा टप्पा म्हणून मराठी वाङ्मयाचे इतिहासकार या पुस्तकांची नोंद घेतात.

सामाजिक व शैक्षणिक कार्य

१७९९ मध्ये कॅरी यांनी एका स्त्रीला सती जाताना प्रत्यक्ष पाहिले. त्यांनी विरोध करूनही ती थांबली नाही. त्यानंतर त्यांनी या प्रथेविरुद्ध सातत्याने प्रयत्न केले. १८०३ मध्ये माणसे पाठवून कलकत्त्याच्या तीस मैलांच्या परिसरात चौकशी केली असता एका वर्षातील सतीच्या ४३८ घटनांची नोंद मिळाली. ही माहिती सरकारपुढे ठेवण्यात आली. स्वतंत्रपणे राममोहन रॉय यांनीही याच प्रश्नावर मोठी चळवळ केली. अखेर ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला. त्याच्या बंगाली भाषांतराचे काम कॅरी यांच्याकडे आले, तो रविवार होता. उशीर झाल्यास आणखी जीव जातील, या विचाराने त्यांनी त्या दिवसाचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि दिवस मावळण्यापूर्वी भाषांतर पूर्ण केले.

१८१८ मध्ये सेरामपूरहून दिग्दर्शन हे मासिक व समाचार दर्पण हे साप्ताहिक निघाले. ही बंगालीतील आद्य नियतकालिके मानली जातात. त्याच वर्षी सेरामपूर महाविद्यालयाची स्थापना झाली. तेथे कोणत्याही जातिधर्माच्या विद्यार्थ्यास प्रवेश होता. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. हे महाविद्यालय आजही चालू आहे.

वनस्पतिशास्त्र

कॅरी यांनी सेरामपूर येथे मोठी बाग वाढवली होती. १८२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने भारतातील कृषी व उद्यानविद्या संस्था स्थापन झाली. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर भारतीय वनस्पतींवरील त्यांच्या ग्रंथाचे संपादन कॅरी यांनी केले. १८२३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. महाराष्ट्राच्या जंगलांत आढळणाऱ्या कुंभा या वृक्षाच्या शास्त्रीय नावातील पहिले पद, कॅरेया, रॉक्सबर्ग यांनी त्यांच्याच नावावरून दिले आहे.

उत्तरायुष्य व मृत्यू

डॉरोथी यांच्या निधनानंतर १८०८ मध्ये कॅरी यांनी शार्लट रूमोर यांच्याशी विवाह केला. त्या बहुभाषिक व विद्याव्यासंगी होत्या. १८२१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ग्रेस ह्यूज यांच्याशी त्यांचा तिसरा विवाह झाला. ब्रह्मदेशात गेलेले व पुढे सेरामपूरला परतलेले थोरले पुत्र फेलिक्स १८२२ मध्ये आणि सहकारी वॉर्ड १८२३ मध्ये मरण पावले. त्याच वर्षी दामोदर नदीच्या पुराने त्यांच्या बागेची व घराची हानी झाली.

१८१५ मध्ये फुलर यांचे निधन झाल्यावर लंडनमधील नव्या समितीचे सेरामपूरशी मतभेद झाले. तेथील मालमत्तेवर ताबा कोणाचा, हा वादाचा मुद्दा होता. स्वतःच्या कमाईतून संस्था चालवणाऱ्या या मंडळींवर खासगी संपत्ती जमवल्याचा आरोप झाला. १८२७ मध्ये दोन्ही संस्था विभक्त झाल्या. १८३० नंतर कलकत्त्यातील पेढ्या बुडाल्याने सेरामपूरची आर्थिक स्थिती ढासळली आणि कॅरी यांचे उत्पन्नही घटले. दुभंगलेल्या संस्था १८३७ मध्ये पुन्हा एक झाल्या, तेव्हा कॅरी हयात नव्हते.

९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सेरामपूरच्या मालमत्तेवर आपला कोणताही हक्क नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात नमूद केले होते. जेबेझ या मुलाला द्यावयाच्या रकमेसाठी स्वतःची पुस्तके विकावीत, अशी तरतूद त्यांनी केली होती. थडग्यावर नाव, तारखा आणि स्वतःला दीन व असहाय म्हणवणाऱ्या स्तोत्रातील दोन ओळी, याखेरीज काही कोरू नये, ही त्यांची इच्छा पाळण्यात आली.

मूल्यमापन

आधुनिक प्रोटेस्टंट धर्मप्रसाराचे जनक म्हणून कॅरी यांचा गौरव केला जातो. त्यांच्यापूर्वी तरंगंबाडी येथे जर्मन धर्मोपदेशकांनी असेच कार्य केले होते, त्यामुळे हे विशेषण काटेकोर अर्थाने घेता येत नाही. इंग्लंडमधील सामान्य मंडळींना या कार्यात ओढण्याचे श्रेय मात्र त्यांना जाते. ज्या धर्मांतरांसाठी त्यांनी देश सोडला, त्यांची संख्या त्यांच्या श्रमांच्या मानाने अल्पच राहिली. त्याउलट साधन म्हणून हाती घेतलेली व्याकरणे, कोश, छापखाना व शाळा यांचा प्रभाव त्यांच्या धर्माशी संबंध नसलेल्या समाजावरही दीर्घकाळ टिकला.

जुन्या चरित्रकारांनी डॉरोथी यांचे वर्णन पतीच्या कार्यातील अडसर असे केले. अलीकडील अभ्यासकांनी त्यांच्या आजाराकडे व त्यांच्या नकाराकडे सहानुभूतीने पाहिले आहे. कॅरी यांनी केलेला त्याग स्वेच्छेचा होता, डॉरोथी यांचा तसा नव्हता. कॅरी यांच्या जीवनाचा विचार करताना या दोन्ही गोष्टींची एकत्र दखल घ्यावी लागते.